रकाना एकोणीस : इतर सूचना

दिल्लीहून मसुदा आला आहे.
एकशे बारा पानं, हिरवं मुखपृष्ठ,
विज्ञान व नवोपक्रम यांतील आंतरराष्ट्रीय सहकार्याचं धोरण.
अभिप्राय पंधरा दिवसांत, विहित नमुन्यात.
माझ्या टेबलावर पोचेस्तोवर
त्यातले अकरा दिवस वाटेतच संपले.

'भागीदारी' हा शब्द पेन्सिलीनं मोजत गेलो,
नव्वदनंतर सोडून दिलं.
'संत्रं' कुठेच नाही. ते असेल असं वाटलंही नव्हतं.
पण 'वीज'सुद्धा नाही.

अठरा रकाने नीट भरले.
सामंजस्य करार : तीन. पैकी चालू : एक.
परदेशी अभ्यागत : दोन.
दुसरा तर्री-पोह्यानं तीन दिवस आडवा होता,
त्याला रकाना नाही.

उरला एकोणिसावा.
चार ओळींची जागा.

महोदय,
मे महिन्यातली रात्र होती,
दीड वाजताही भिंत हाताला चटका देत होती.
आधी ट्रान्सफॉर्मर गेला,
मग जनरेटर दोनदा खोकून बसला,
आणि उणे ऐंशीचा फ्रीजर
एकेक अंश वर चढू लागला.
आत सहा वर्षं :
काटोल, कळमेश्वर, वरुडच्या बागांतली पानं,
काही बागा आता राहिल्याही नाहीत.

लुसिआना फोनवर होती.
ब्राझीलमध्ये तेव्हा संध्याकाळचे पाच,
तिच्या खिडकीत ऊन.
म्हणाली, द्रव नायट्रोजन. कुठूनही आण.
कुठूनही म्हणजे कुठून, हे
करारातल्या कुठल्याच कलमात नव्हतं.

मी स्कूटर काढली,
सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय कॉलेजात गेलो,
जिथे वळूंचं वीर्य गोठवून ठेवतात.
पहाऱ्यावर चैतराम उईके. उठून बसला.
"काऊन जी, इतक्या रात्री गाय माजावर आली का?"
मी म्हटलं, संत्र्याची पानं हायेत.
त्यानं माझ्याकडे बघितलं, मग फोनमधल्या बाईकडे.
"मंग न्या. पण डबा सकाळी परत आणजा."

ना अर्ज, ना जावक क्रमांक.
दोन पायांत डबा धरून, झाकणातून पांढरी वाफ सोडत
झिरो माइलच्या दगडापाशी वळलो.
त्यावर शिवनी, चांदा, हैदराबाद किती मैल, ते कोरलेलं आहे.
तिचं गाव नाही.
खिशातून ती ओरडत होती, पोचलास का?

मग उजाडेपर्यंत ती तापमान विचारत राहिली.
उणे अठ्ठावन्न. उणे एकसष्ट.
मध्ये तिनं मुलाचा गृहपाठ घेतला, भांडी घासली,
मी तिला 'हाव' म्हणायला शिकवलं.
उणे चौसष्ट?
हाव.

महोदय, सातव्या पानावर हस्तांदोलनाचं चित्र आहे,
दोन्ही हात अगदी सारखे, सारख्याच बाह्या.
आमच्याकडे पिवळं पान मधल्या शिरेवर दुमडून बघतात.
दोन्ही अर्धी सारखी पिवळी, तर जस्त कमी पडलं,
फवारणीनं भागतं.
सारखी नसली, तर आजार झाडाच्या आत आहे.
तिच्याकडे सहा फ्रीजर, दोन वीजवाहिन्या.
इथे मी, आणि चैतरामचा डबा.
चित्र एकदा दुमडून बघावं, ही विनंती.

साहेबांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला.
म्हणाले, नगदिवे, चांगलं आहे,
पण चार ओळींत बसवा.

बसवलं :

एका रात्रीपुरता द्रव नायट्रोजन
कागदाशिवाय देण्याची तरतूद असावी.
देणाऱ्याचं नाव विचारून ठेवावं.
डबा वेळेत परत केला आहे.