मांजरपाट

विट्यात मागांची खडखड असते म्हणून
घरात कुणी हळू बोलत नाही,
तरी अण्णांनी आठ दिवस ही गोष्ट सांगितली नव्हती.

शनिवारी मी लॅपटॉप उघडला :
पडद्यावर हिरवे-जांभळे पट्टे,
मेनू तीन ठिकाणी फाटलेला,
सुताच्या गाठींचा हिशेब अर्धा वर, अर्धा खाली,
आणि बाण जाईल तिथं मागं तुटक्या बाणांची रांग.
"कधीपासून?"
"मला वाटलं, माझाच डोळा."

फ्रिजवर चौकटींचा कागद आहे, सांगलीच्या डॉक्टरांनी दिलेला.
रोज सकाळी एक डोळा झाकून
ते मधल्या ठिपक्याकडं बघतात.
डाव्या डोळ्याला रेघा वाकतात,
ओढ सुटलेल्या ताण्यासारख्या.
तीस वर्षं जॉबर होते.
कुठल्याही मागावर धागा तुटला
की हाक त्यांनाच यायची.

लॅपटॉप सेलमच्या गलाईच्या दुकानातून आलेला,
झाकणावर तमिळ अक्षरांचं स्टिकर, बिजागरीला चिकटपट्टी.
तेजपालदादानं त्यात लिनक्स घालून दिलं,
म्हणाला, म्हाताऱ्या बैलाला हलकं जू.

मी आधी बिजागरी हलवली. पट्टे हलले नाहीत.
टीव्हीला केबल जोडली. टीव्हीवरही तेच.
म्हणजे काच निर्दोष, वायर निर्दोष.
मग स्क्रीनशॉट काढून फोनवर पाहिला :
स्वच्छ. एकूण एक आकडा जागेवर.
आत सगळं नीट होतं,
बाहेर येताना कुठंतरी वीण चुकत होती.

आधीचा कर्नल निवडून पाहिला, तसाच.
चहा झाला. पाळी बदलली, माग थांबले,
गल्ली एकदम बहिरी झाल्यासारखी.

शिफ्ट दाबून धरून पुन्हा सुरू. ई दाबलं.
इथं अक्षरं अजून सरळ होती.
"लिनक्सनं सुरू होणारी ओळ शोध,"
अण्णा माझा फोन उजव्या डोळ्याजवळ धरून वाचत होते,
"तिच्या शेवटी जा. एक जागा सोड.
एन. ओ. एम. ओ. डी…"
अक्षरागणिक थांबून,
फणीत तार भरताना मोजायचे तसे.
नोमोडसेट.
"म्हणजे काय गं, पमे?"
"म्हणजे तो हुशार कारागीर बाजूला बसव,
साधंच दिसू दे."
"बदली कामगार लावला म्हण की."
एफ टेन.

काळं. बराच वेळ काळं.
मग पडदा उजळला. जाडजूड अक्षरं, भरड कडा,
खिडकी ओढली तर अडखळत येते,
सुहासच्या पोराचा व्हिडिओ आता धड चालायचा नाही.
पण रेघ न् रेघ सुतात.

अण्णांनी काचेवरून बोटांची मागची बाजू फिरवली,
कापड तपासायची सवय.
"मांजरपाट," म्हणाले. "टिकतं."

तो शब्द ग्रबच्या फायलीत कायमचा लिहायला
पासवर्ड लागला. तेजपालदादानं फोनवर
दोनदा चुकीचा सांगितला, तिसऱ्यांदा आठवला.

रात्री ते हिशेब उघडून बसले.
आठ दिवस अंदाजानं भरलेले रकाने :
म्हेत्र्यांच्या नावावर चौदाच्या जागी अकरा गाठी,
एके ठिकाणी तारीखच पुढच्या महिन्यातली.
"हे डोळ्याचं नव्हतं, अण्णा."
"हे नव्हतं," ते म्हणाले,
आणि डावा डोळा तळहातानं झाकून
एकेक आकडा दुरुस्त करू लागले.