ऐन

फरशा बसवायला भिंत फोडली तेव्हा निघाली
पत्र्याची पाटी, चुन्यानं खाल्लेली.
पंचगंगेकडे उतरणाऱ्या गल्लीतली आमची तालीम.
पोरांनी आधी गुलाल टाकला, मग उदबत्ती लावली,
मग मला हाक मारली: पेंटर, आहे तसं काढून द्या.

आहे तसं म्हणजे उजवीकडून.
दुधाचे दर, उमेदवारांची नावं, मैदानाच्या जोड्या,
चाळीस वर्षं गेली पाट्यांत,
पण हात कधी असा उलटा चालला नव्हता.
मधे एक बारकी गाठ होती.
गंज समजून मी ती घासून काढली.

हुरमतबी मोमीन पेन्शन आणायला निघाल्या होत्या,
उर्दू शाळेत तीस वर्षं शिकवलेली बाई.
चष्मा वर सारून म्हणाल्या,
"तालीमच लिहिलंय की.
म्हणजे, लिहिलं होतं. मधलं अक्षर तू खाल्लंस."

मग उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच सांगत सुटल्या.
अरबांची तालीम म्हणजे शिकवणं,
तुर्कांची कवायत, आमची शाळा,
नाटकवाल्यांची मिशी चिकटवण्याआधीची सगळी धडपड,
आणि तुमची ही लाल माती,
ताक, हळद, लिंबू, तेल, चेमटलेले कान.
मालूम त्याच घरचं, इल्म त्याच घरचा,
मोहरमात नाचवता तो अलमही.

"आणि खाल्लेलं अक्षर?"
"ऐन. ते इथून येतं."
त्यांनी गळ्यावर बोट ठेवलं.
पोरांनी करून पाहिलं. कुणी खाकरलं, कुणाला ठसका.
एकालाही जमेना.

बाजी वस्ताद कोपऱ्यात बदाम सोलत होते.
अंगठेबहाद्दर माणूस.
उठले, बारक्या किर्दतच्या मागं गेले,
कोपर गळ्याखाली घातलं, अगदी हलकं,
आणि पोराच्या तोंडून आपसूक निघालं ते.

"हाच!" हुरमतबी बाहेरून ओरडल्या.
"वर्गात अख्खा पावसाळा जायचा ह्याच्यापायी."

ऐन म्हणजे डोळाही, असं जाता जाता म्हणाल्या.
वस्तादांना त्याचं काही नव्हतं.
"ऐन म्हणजे ऐन," ते म्हणाले,
"ऐन वेळी हात सोडता आला पाहिजे.
धरायला काय, कुणीबी शिकतंय."

रात्री मी ती गाठ परत काढली.
ब्रश दोनदा थरथरला,
होती त्याहून जरा मोठी झाली.
पोरं म्हणतात, माशी बसल्यागत दिसते.
एक तारखेला हुरमतबी पुन्हा इथून जातील.
तोवर रंग वाळेल.