शहाऐंशी पानं

नागपूरहून पुस्तक आलं. लेखकाची सही,
खाली बारीक अक्षरात "सत्यासाठी".
मी नोंदवहीत चढवलं, दाखल क्रमांक चार हजार एकशे सात.
विषयाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
गुन्हे? इतिहास? शेती?
शेवटी "संकीर्ण" लिहिलं.

आठवडाभर गाव रांगेत.
जो तो मागून उघडायचा,
नावांची सूची बोटानं उतरायचा,
आपलं नाही हे पाहून मला चहा पाजायचा.
उपसभापतींनी तीन दिवस ठेवलं.
परत आलं तेव्हा पान एकशे अकरा नव्हतं,
पट्टी लावून फाडलेलं, अगदी सरळ.
दंड पन्नास रुपये.
मी मागितला नाही.

मेहनत घेतली आहे लेखकानं, नाही म्हणत नाही.
बाजार समितीत कधी न आलेली तूर,
ती भरली तो कधी न शिवलेला बारदाना,
टोकनं, पावत्या, मेलेल्यांचे सातबारे, सगळं तारखेवार.
बिनानंबरचा ट्रॅक्टर वळणावर कुणी उभा केला, तेही.
फक्त वळणावर कडुनिंब लिहिलाय,
तिथं हिवर आहे.
आणि कट म्हणे "अज्ञात स्थळी" शिजला.

शिजला तो इथं.
ह्या लांब टेबलावर, तोंडापुढं पेपर धरून,
रोज पाच ते सात.
मी दोनदा म्हणालोही होतो,
कृपया शांतता राखा.

बेबीबाई घाटोळ आल्या तेव्हा कुलूप माझ्या हातात होतं.
हिशेबनिसाची बायको. पुस्तकात तिचं नाव "पत्नी".
चौथी शिकलेली. पुस्तक आधी पदरानं पुसलं.
"भाऊ, ह्याच्यात थे कोन्त्या पानालोक जित्ते हायेत?"

मी चाळलं. शहाऐंशी.
शहाऐंशीवर तो डबा पिशवीत टाकतो,
गाडीला तीनदा किक मारतो,
वेळ होईन म्हणतो आज.

सात वेळा नेलं तिनं.
आता अर्धं पुस्तक मऊ पडलंय, वापरल्या नोटेसारखं,
कुठं हळदीचं बोट,
पुढचं अजून करकरीत.
एकशे अकरा गेलंय हे तिला माहीतच नाही.

काल परत करताना म्हणाली,
"चहात साखर घेत नोयते थे. चौऱ्यांशीवर चुकलं त्यायचं."
मग उंबऱ्यात थांबली.
"भाऊ, तुमचं नाव कोन्त्या पानावर हाय?"

मी घड्याळाकडं पाहिलं.
म्हणालो, बाई,
वाचनालयाची वेळ संपली.