अकारी

दोरिव्हाल्दो शिंगू नदीत बुडी मारतो
तोंडात काँप्रेसरची नळी धरून.
दगडाच्या फटीत बोटं खुपसतो –
आत कुणीतरी चिलखत घालून बसलंय.

अकारी म्हणतात इथे. कुठला, ते विचारू नका;
शास्त्रज्ञांनी एक नेला होता बाटलीतून,
चिठ्ठीवर नावाची जागा कोरी.

पोटाखाली पिवळट अंडी, चाळीसेक.
बाप आहे हा.
ओठांनी खडकाला चिकटलेला,
ओढलं तर काटे ताठ,
अख्खी नदीच ओढल्यासारखी.

वरून झिल्दा नळीला दोन हिसके देते:
व्यापारी थांबलाय अल्तामिरात.

नळीतून डिझेलचा वास.
तो बोटं सोडवून घेतो
करंगळीचं सालटं तिथेच ठेवून.

वर येऊन सांगतो, फट रिकामी होती.
ती त्याच्या बोटाकडे बघते
आणि चिंधी फाडते.