तिसरी तारीख

सोहारच्या सुपरमार्केटने फुकट दिलेलं कॅलेंडर.
एका चौकोनात दोन तारखा:
इंग्रजी ठळक, हिजरी कोपऱ्यात बारीक.
तिसरी मी पेन्सिलने लिहिते,
पाळीपासून मोजून.

आई फोनवर म्हणाली, परमुलखात करमत नसेल.
हेमकांत म्हणाला, ऊन. इथं सगळ्यांचंच डोकं फिरतं.
पहिल्या डॉक्टरने थायरॉइड तपासलं. नॉर्मल.
दुसऱ्याने डिप्रेशन लिहिलं, मान वर न करता.

लीलाम्मा डॉक्टरांनी विचारलं,
"बरं कधी असतं?"

म्हणून दोन महिने, रोज रात्री एक आकडा.
एक, एक, दोन, एक
(मासळीबाजारात सुरमईची घासाघीस,
शेजारच्या सुआदची खजुराची बरणी)
आणि विसावा दिवस ओलांडला की
सहा. पाच. सहा. सहा.
एका चौकोनात नुसतं भोक,
पेन्सिल आरपार.
त्या दिवशी अन्वयला म्हणाले होते,
तू झालाच नसतास तर.
गच्चीची किल्ली त्या रात्री
मीच हेमकांतकडे दिली.

मग पाळी. तिसऱ्या सकाळी आलं ठेचताना
मी चक्क गुणगुणत होते. लाजच वाटली.

डॉक्टर दोन्ही पानं शेजारी ठेवून बघत राहिल्या.
"डिप्रेशन असं दर महिन्याला रजेवर जात नाही."
मग नाव सांगितलं. लांबलचक, इंग्रजी.
परतताना टॅक्सीत तीनदा पुटपुटून पाहिलं.

अन्वयला काय सांगायचं ते अजून ठरत नाही.
तूर्त कॅलेंडर खाली, त्याच्या उंचीला टांगलंय.
आकडे वाचता येतात त्याला.