कोटाची खुंटी

बुधवारच्या बाजारात, गोदाघाटावर,
कुलुपं, पितळी नळ, पाते मोडलेले अडकित्ते
यांच्या ढिगात ती उताणी पडली होती,
सुपारीच्या डबीएवढी.
देवळाली कॅम्पातल्या बंगल्याचा माल, अख्तरभाई म्हणाले,
मडम वारली, माळ्यानं काढून टाकला.
दीडशे सांगितले, नव्वदला दिली,
वर म्हणाले, काच तडकली तर माझ्याकडं येऊ नका.

लंबगोल चौकट, आत एक बाई.
नाक बाजूनं काढलेलं, डोळे समोरून.
गळ्याला लेस, नुसते पांढरे ठिपके,
रांगोळीचे ठिपके मांडून
कुणी हाक मारली म्हणून उठून गेल्यासारखे.
हात नाहीत.
शालीखाली गेलेत.

मी तिथंच हसले.
हा माणूस मला माहीत आहे.
त्याला हात जमत नव्हते.

मागच्या कागदावर तपकिरी शाई. भाच्यानं वाचून दाखवलं:
अमेरिकेतलं कुठलंसं खेडं, अठराशे चौतीस,
दोन डॉलर आणि जेवण.

आणि जेवण.

माझे वडील भिकाजी साळी, फोटो रंगवणारे.
सायकलीला पेटी, पेटीत सहा बाटल्या, कापूस,
आणि गिऱ्हाइकाला घालायचा एक काळा कोट.
दिंडोरी, पेठ, सुरगाणा.
लग्नाच्या घोळक्यातल्या नखाएवढ्या चेहऱ्यावरून
मेलेला माणूस हातभर करून द्यायचे.
धडं आधीच तयार असत,
रस्ते बंद असताना घरी बसून केलेली:
बारा पुरुष कोटातले, बारा बायका हिरव्या लुगड्यातल्या,
मानेवर कोरा कागद.
मी शाळेतून यायचे तेव्हा
ओटीवर चोवीस माणसं वाळत असायची, मुंडक्यांवाचून.
मुंडक्याचे वीस रुपये.
हात पाहिजे असतील तर पाच वर.
हात कुणी घेत नसे.
नागली मिळे, उडीद मिळे, रात्रीची भाकरी मिळे,
एकदा कोंबडा मिळाला,
तो म्हसरूळपर्यंत कॅरियरवर आरवत आला.

सोमीबाई गावितांची सून गेली.
तिचा फोटोच नव्हता.
धाकट्या बहिणीला समोर बसवलं.
हनुवटी? अशीच.
भुवई? जरा दाट.
डोळे?
कुणी बोलेना.
मग सासूच म्हणाली,
डोळे मी कधी बघितले नाहीत, खालीच असायचे.
आप्पांनी पापण्या मिटलेल्या काढल्या.
पैसे घेतले नाहीत.
हात मात्र काढले, जन्मात पहिल्यांदा,
परातीत पीठ मळणारे.
डाव्या हाताला सहा बोटं झाली.
कुणी मोजली नाहीत.

आप्पा गेले तेव्हा घरात त्यांचा फोटो नव्हता.
हजारेक माणसं करून दिली होती त्यांनी,
स्वतः नेहमी पडद्याच्या अलीकडं.
पेपरातल्या चौकटीत नुसतं नाव आलं.
दहाव्याला रामकुंडावर
भावानं कोट घडी करून पाटावर ठेवला.
गुरुजी म्हणाले, फोटो?
भाऊ म्हणाला, हाच.
गुरुजी क्षणभर थांबले,
मग कॉलरला गंध लावलं.
तो डाग अजून आहे.

काल डबीची मागची कडी निघाली.
आत काचेखाली केसांची वेणी,
करंगळीच्या नखाएवढी, गुळाच्या रंगाची.
अख्तरभाईंना सांगितलं तर म्हणाले, फेका,
परक्याचे केस घरात ठेवत नाहीत.
मी वास घेऊन बघितला.
कसलाच नाही. थोडा पितळेचा.

कडी पुन्हा लावली.

देव्हाऱ्यात तिला ठेवता येत नाही,
भिंतीवर आमची माणसं आहेत.
खुंटीवरच्या कोटाच्या खिशात ठेवली,
डाव्या.
उजव्याला भोक आहे.