वजन धरलेली चाकं

पार्दुबित्सेत, नदीच्या अलीकडे, सायकलवाल्याच्या माडीवर
हावेलचं दुकान. जिना चढेपर्यंत माझ्या चष्म्यावर वाफ धरते.
तो न विचारता फडकं पुढे करतो,
रंगाचं नाही, स्वच्छ.

डेल्फिनचा संच नाताळपासून घरी पडून आहे.
अठ्ठेचाळीसावा भाग. लांबी माझी एक वीत.
प्लास्टिक वाईट नाही,
पण कॉकपिटमधली सीट पाहिली आणि हसू फुटलं:
शाळेतलं बाकडं ठेवलंय आत.
त्या सीटा मी अकरा वर्षं हाताळल्या,
जानेवारीतसुद्धा हातमोजे काढून,
कारण पिन नीट बसली की नाही
ते बोटालाच कळतं.

हावेल पाकिटं मांडतो काउंटरवर. राखाडी रेझीन,
नखाएवढे तुकडे, किमती मात्र हाताएवढ्या.
चार आण्यांची कोंबडी नि बारा आण्यांचा मसाला,
व्लास्ता सकाळीच म्हणाली होती. तिचं चुकत नाही.

शेपटीतलं नळकांडं सुरेख. आतली पाती मोजून घ्यावीत.
पण तिथं डोकावणार कोण?
मीच.
नको.

उतरवलेले फ्लॅप? तेही नको.
उभ्या विमानाचे फ्लॅप खाली दिसले
तर आमचा सार्जंट रविवारची सुट्टी खायचा.
अजून भीती वाटते, बघ.

चाकं मात्र दे.
संचातली गोल आहेत, कंपासनं काढल्यासारखी,
ते विमान जमिनीवर कधी उभंच राहिलेलं नाही.
ही खालून जराशी चपटी,
भार झेलून झेलून कडेला पोट सुटलेली.
हावेल माझ्या स्वेटरकडे बघतो
आणि सभ्य माणूस असल्यामुळे गप्प राहतो.

राहिल्या सीटा. दोन पाकिटं.
एकात पट्टे छातीवर जुळवलेले, बक्कल मधोमध,
इस्त्री केल्यासारखं सगळं.
दुसऱ्यात पट्टे भिरकावलेले,
डावा काठावरून बाहेर लोंबतोय.

ओत्मार असाच उतरायचा. रोज.
मी रोज शिव्या घालत ते पट्टे आवरायचो.
चौऱ्याहत्तरच्या ऑक्टोबरात त्याच्या सीटच्या पिना
मी काढल्या, लाल फडकी मोजली, खिशात घातली.
विमान परत आलं नाही.
तो आला, बिटाच्या शेतातून चालत,
पॅराशूट काखेत, एका पायात बूट.
चौकशी तीन दिवस चालली.
सीट उडाली म्हणजे माझं काम चोख होतं,
हे वाक्य त्या कागदांत कुठंच नव्हतं.
पुढं तो बदली होऊन गेला,
आणि दर ऑक्टोबरात टपालानं एक बीट यायचं,
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, मातीसकट.
चिठ्ठी कधीच नाही.
व्लास्ता त्याचं सूप करायची, बेचव. साखरेचं बीट ते.

गेल्या वर्षी आलं नाही.
यंदाही अजून नाही.

दुसरं पाकीट दे, म्हटलं. हावेलनं ते उजेडात धरलं:
मागच्या सीटच्या डोक्याला हवेचा बुडबुडा,
टाचणीनं टोचल्याएवढा. बदलून देतो, म्हणाला.
असू दे. भरता येतो.
भरणार नाही, हे त्याला सांगितलं नाही.

आता स्वयंपाकघरात, ताटलीतल्या पाण्यात
रेझीन घासतोय, धूळ उडू नये म्हणून.
पाणी दुधासारखं होत चाललंय,
व्लास्ता ती ताटली परत घेणार नाही.
लाल फडक्याच्या पिना सगळ्यांत शेवटी,
चिमट्यानं, श्वास रोखून.

पायलट नाही बसवायचा? तिनं विचारलं.
आत्ताच उतरला, म्हटलं,
आणि चाकं टेबलावर ठेवून पाहिली
डुगडुगतात का.